भूक लागली की खाईल

जेवणाकडे पाठ फिरवलेल्या मांजराबद्दल आपल्या घरांत एक वाक्य ठरलेलं असतं : भूक लागली की खाईल. रुसलेल्या मुलाबद्दल ते बहुतेक वेळा खरंही ठरतं. मांजराबद्दल ते घातक आहे. मी या वाक्यावर विसंबून राहिले आणि आमची गोदा मरता मरता वाचली. पुढे काही वर्षांनी बाजीच्या आजारपणात मी नेमकी उलटी चूक केली. त्याला खाऊ घालण्यात इतकी गुंतले की त्याच्याकडे नीट बघायचंच राहून गेलं. दोन्ही वेळा माया भरपूर होती, माहिती नव्हती. आणि माया असली की माहितीची उणीव भरून निघते, असं मी धरून चालले होते. मांजर पाळणाऱ्या आणखी कुणाची अशी फसगत होऊ नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

गोदा ही आमची तिरंगी भाटी. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली पावसात भिजत बसलेलं पिल्लू मी वर आणलं आणि ती आमचीच झाली. तिला भरवण्यात मला फार आनंद वाटायचा. दुधावरची साय, बिस्किटाचा तुकडा, ताटातली माशाची पोटी, वर कोरडं खाणं वाटीभर. ती सहा किलोच्या पुढे गेली. आल्यागेल्यानं ‘काय बाळसं धरलंय!’ म्हटलं की मला बरं वाटायचं. आपल्याकडच्या साध्या मांजराचं वजन चार किलोच्या आसपास असतं आणि कुशीवरून हलका हात फिरवला की बरगड्या बोटांना लागायला हव्यात, हे मला ठाऊक नव्हतं. गोदाच्या बरगड्या लागत नव्हत्या. ही चरबी पुढे तिच्याच जिवावर उठणार होती.

आमच्याकडे श्रावण पाळतात. आषाढी अमावास्येनंतर मासळी बंद, ती गणपतींचं विसर्जन होईपर्यंत. घरात मासे नाहीत म्हणजे मांजरालाही नाहीत, असा हिशेब मी परस्पर करून टाकला होता. त्या महिन्यात गोदाच्या वाटीत दूधपोळी, दहीभात आणि थोडं कोरडं खाणं पडायचं. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे, ही गोष्ट मी शाळेत शिकवली असूनही घरात कधी मनावर घेतली नव्हती. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. ते दीर्घकाळ कमी पडलं तर हृदयाचा स्नायू पसरून दुबळा होतो, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिलं आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवण्यात आलं. एका श्रावणानं कुठल्याही मांजराचं हृदय बिघडत नाही. पण त्या श्रावणामुळे गोदाच्या न खाण्याला मला एक सोयीचं कारण मिळालं, आणि खरं नुकसान तिथून सुरू झालं.

ती वाटीशी यायची, वास घ्यायची, एखादा दाणा तोंडात धरायची, मान एका बाजूला कलती करून चावायचा प्रयत्न करायची आणि दाणा तसाच खाली पाडून निघून जायची. मी म्हणायचे, हिला मासे हवेत, म्हणून रुसली आहे. मग मंगळागौरीला घर बायकांनी भरलं आणि ती दिवसभर पलंगाखाली बसून राहिली. मी म्हटलं, गर्दीला बुजली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर तिच्या स्वभावाशी जाऊन थांबत होतं. तिच्या तोंडात, पोटात, रक्तात काही झालं असेल, हा विचार मी केलाच नाही.

शेवटी मला राहवेना. मी सासूबाईंना भीत भीत विचारलं, गोदासाठी एखादा बांगडा आणला तर चालेल का. त्या म्हणाल्या, “अगं, व्रत आपलं. त्या मुक्या जिवाला कसला श्रावण?” इतके दिवस ज्या नियमाचं ओझं मी गोदावर टाकलं होतं, तो घरात दुसऱ्या कुणाचाच नव्हता. बांगडा आणला, शेजारच्या वहिनींच्या गॅसवर उकडला, काटे काढले. वास येताच गोदा धावत आली, तुकडा तोंडात घेतला आणि किंचाळली. पंजानं तोंड ओरबाडत ती पलंगाखाली गेली. मला वाटलं, काटा राहिला. तुकडे चाचपून पाहिले, काटा नव्हता. तरीही मी तिला डॉक्टरांकडे नेलं नाही.

त्या वेळी मला एवढं जरी माहीत असतं तरी पुढचं टळलं असतं : मांजर खात नाही, या एकाच तक्रारीत तीन निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. पहिलीत भूकच नसते. मांजर वाटीकडे फिरकत नाही, कोपऱ्यात अंग आखडून बसतं. ताप, जंतुसंसर्ग, भीती, कुठलीही वेदना यांत असं होतं. दुसरीत भूक असते पण खाता येत नाही. मांजर धावत येतं, तोंड लावतं आणि मागे सरतं. दात, हिरड्या, जीभ, घसा इथे दुखणं असतं. सर्दीनं नाक चोंदलेलं मांजरही याच गटातलं म्हणायचं, कारण मांजर आधी वासावर खातं. वास आला नाही तर समोरचं अन्न त्याच्या लेखी अन्नच नसतं. तिसरी अवस्था मळमळीची. मांजर वाटीजवळ येतं, वास घेतं, ओठ चाटतं, पुन्हा पुन्हा गिळल्यासारखं करतं, कधी लाळ गाळतं आणि तोंड फिरवतं. तिन्ही अवस्थांचे उपाय वेगळे आहेत. गोदा दुसऱ्या अवस्थेत आहे, हे ती मला रोज दाखवत होती. दिसत होतं ते मी नखऱ्यांच्या खात्यात टाकत होते.

नंतर कळलं ते असं. तिच्या खालच्या दाढा हिरडीजवळून विरघळत चालल्या होत्या. शरीर स्वतःच्याच दाताचा भाग झिजवून टाकतं आणि आतली नस उघडी पडते. प्रौढ मांजरांत हा विकार बराच आढळतो आणि अतिशय दुखरा असतो. बाहेरून लाल ठिपक्याएवढीच खूण दिसते, पुष्कळदा तीही दिसत नाही. भूल देऊन एक्स-रे काढल्याशिवाय त्याचा पुरता अंदाज येत नाही. अशा दातानं ती माझं कोरडं खाणं चावायला बघत होती.

मग तिनं खाणं जवळजवळ सोडलंच. बोटाला लावलेलं दूध तेवढं चाटायची आणि ते पाहून मी घरात सांगायचे, थोडं थोडं घेतेय. या ‘थोडं थोडं’चा हिशेब मी फार उशिरा केला. चार किलोच्या मांजराला नुसतं पडून राहण्यासाठीसुद्धा दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. दोन चमचे दुधात सहा-सात असतात. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. गोदाला जुलाब सुरू झाले आणि अंगात होतं नव्हतं ते पाणीही जाऊ लागलं.

तिचं नाक गरम आणि कोरडं लागत होतं. त्यावरून मी ठरवलं की ताप आहे. नाकावरून मांजराचा ताप कळत नाही. मांजराचं नेहमीचं तापमानच ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते कायम गरम लागतं. मी औषधाच्या दुकानात लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं सिरप मागितलं. दुकानदारानं सहज विचारलं, मूल किती वर्षांचं आहे. मी मांजर म्हणताच त्यानं बाटली परत फळीवर ठेवली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. माणसाचं यकृत ज्या प्रक्रियेनं पॅरासिटामॉल निकामी करतं ती मांजराकडे अगदी तोकडी असते. औषधाचं विषात रूपांतर होतं, रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेईनाशा होतात, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

तिथून वाचले, पण घरी येऊन कोंबडीचं सूप केलं. आजारी माणसाला करतो तसंच, कांदा आणि लसूण घालून. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात आणि त्यातून रक्तक्षय होतो. शिजवल्यानं किंवा पूड केल्यानं त्यांचा दोष जात नाही. गोदानं त्या सुपाला तोंड लावलं नाही. मला वाईट वाटलं होतं. आज वाटतं, तेवढं तरी तिनं माझं ऐकलं नाही ते बरं झालं.

यानंतर मी जे केलं त्याची आठवण सगळ्यांत जास्त टोचते. मी सुईशिवायची सिरिंज आणली, तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं, जबडा उघडला आणि दूध-अंड्याचं मिश्रण आत सोडलं. ती खोकली, गुदमरली, सगळं बाहेर टाकलं. मी पुन्हा भरलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी तिला सांगत होते, तुझ्यासाठीच करतेय गं. बळजबरीनं भरवलेलं अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. तेवढं झालं नाही, पण दुसरी इजा झाली. ज्या अन्नासोबत मळमळ, वेदना किंवा भीती अनुभवली, ते अन्न मांजराच्या मनातून उतरतं. पुष्कळदा बरं झाल्यावरही ते त्याला शिवत नाही. गोदा आता वाटीचा आवाज आला की लपायची. मी हाक मारली की लपायची. ती ज्या हातातून खात मोठी झाली, त्याच हाताची मी तिला दहशत घातली.

सकाळी खिडकीत ऊन आलं होतं आणि ती त्या उजेडात बसली होती. तिच्या कानांची आतली बाजू पिवळी दिसली. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्याही पिवळ्या. माणसाची कावीळ मी पाहिली होती, त्यामुळे हा रंग ओळखायला मला कुणाची गरज लागली नाही. त्याच सकाळी रिक्षा केली.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी गोदाला वजनकाट्यावर ठेवलं, हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं आणि मला विचारलं, किती दिवस झाले. मी श्रावण, मासे, मंगळागौर असं सगळं सांगायला लागले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काकू, ती रुसलेली नाही. तिला खाताच येत नाहीये. आणि आता यकृत बसलंय.”

रक्ताचा अहवाल आणि सोनोग्राफीनंतर त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. पोटात अन्न गेलं नाही की शरीर साठवलेली चरबी मोकळी करतं आणि ती यकृताकडे येते. यकृतानं तिच्यावर प्रक्रिया करून ती पुन्हा रक्तात धाडायची असते, आणि त्या कामाला प्रथिनं लागतात. उपाशी मांजराकडे नेमकी तीच नसतात. हमाल नसलेल्या गोदामात ट्रकमागून ट्रक माल यावा तशी चरबी यकृताच्या पेशींत तुंबत जाते आणि यकृत काम करेनासं होतं. माणसाचं किंवा कुत्र्याचं शरीर उपासात प्रथिनांचा खर्च आवरतं घेतं. मांजराचं शरीर पिढ्यान् पिढ्या मांसावर बेतलेलं असल्यामुळे त्याला ही काटकसर फारशी जमत नाही. आर्जिनिन हे एक अमिनो आम्ल घ्या. ते वगळलेलं एकच जेवण दिलं तरी मांजराच्या रक्तात अमोनिया साचून ते काही तासांत गंभीर आजारी पडतं, असं १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृताचं हे दुष्टचक्र सुरू होऊ शकतं. म्हणजे ‘अंगात साठा आहे, काही होत नाही’ हा माझा दिलासाही उलटा होता. साठा होता म्हणूनच धोका मोठा होता.

आणि औषध काय, तर अन्न. या विकारावर यकृताला दुरुस्त करणारी जादूची गोळी नाही. पुरेशी प्रथिनं आणि पुरेशा कॅलरी रोज पोटात जात राहिल्या तर यकृत हळूहळू चरबी बाहेर काढतं. मांजर स्वतः खात नाही आणि तोंडातून बळानं भरवायचं नाही. मग उरते नळी. सलाइन, पोटॅशियम आणि रक्त गोठण्यासाठी के जीवनसत्त्व देऊन गोदाची तब्येत थोडी सावरली. नंतर थोडक्या भुलीत तिच्या मानेच्या बाजूनं अन्ननलिकेत मऊ नळी बसवली. नळी हा शब्द ऐकून मी हादरले होते. तिला आणखी छळायचं नाही, असं म्हणून घरी न्यायला निघाले होते. डॉक्टरांनी अडवलं. म्हणाल्या, “तोंडात सिरिंज हा तिचा छळ होता. नळीचा तिला पत्ताही लागत नाही.”

ते खरं निघालं. पहिल्या दिवशी गरजेच्या पाव-तृतीयांश एवढंच अन्न दिलं. बऱ्याच उपासानंतर एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्यानं घसरतं आणि त्यानंही जीव जाऊ शकतो, म्हणून मात्रा सावकाश वाढवत न्यायची. मळमळीचं औषध सोबत होतंच. घरी आल्यावर दिवसातून चार-पाच वेळा आजारी मांजरांसाठीचं पातळ खाद्य कोमट करायचं, आधी थोडं पाणी, मग दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अन्न, शेवटी पुन्हा पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. जुन्या सुती साडीची पट्टी शिवून मी मानेभोवती बांधायचे. जखमेला वास येतो का, पू दिसतो का, हे रोज पाहायचे. नळीतून अन्न जाताना गोदा माझ्या मांडीवर डोळे मिटून बसायची. मला वाटत होतं ते काम आणि तिला हवं होतं ते काम यांतला फरक मला तेव्हा उमगला. तिला भरवण्यात मला आनंद हवा होता. तिला फक्त अन्न हवं होतं, दुखल्याशिवाय आणि भ्यायल्याशिवाय.

काविळीचा रंग उतरला, भूल सोसवेल एवढी ताकद आली, तेव्हा तिच्या खराब दाढा काढल्या. त्यानंतर डॉक्टरांनी एक काटेकोर सूचना दिली : जुनी वाटी नको, जुनी जागा नको, मागे लागणं नको. नव्या पसरट बशीत, मातीच्या ट्रेपासून लांब, अंगाच्या उबेइतकं कोमट केलेलं थोडंसं चिकन ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांनी खाल्लं नसलं तरी काही न बोलता उचलायचं. मी तसं केलं. ती पहिल्यांदा आपणहून खायला लागली तेव्हा नवरात्र आलं होतं. घरात कुणी ताटात मांस घेत नव्हतं, आणि गोदासाठी चिकन उकडायला सासूबाई स्वतः उठल्या होत्या.

नळीनं वेळेवर अन्न सुरू झालं तर या विकारातून बहुसंख्य मांजरं उठतात. गोदा उठली. पण तिनं जे सोसलं ते सोसायची गरज नव्हती. ती तोंड कलतं करून दाणा पाडू लागली तेव्हाच नेलं असतं तर काम दाढांवर भागलं असतं. उशिराची कारणं प्रामाणिकपणे सांगायची तर तीन होती. तिला टोपलीत घालणं जिवावर यायचं. खर्चाची धास्ती होती, आणि शेवटी उशिरामुळे खर्च कितीतरी पटींनी वाढला. तिसरं कारण मोठं : डॉक्टरकडे जाणं म्हणजे माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं असं कबूल करणं, असं मला आत कुठेतरी वाटत होतं.

बाजीच्या वेळी मी हे सगळं शिकलेली होते. हा आमचा बोका, चौदा वर्षांचा. तो पाणी जास्त पिऊ लागला आणि त्याच्या मातीच्या ट्रेमधले गोळे मोठे होऊ लागले, तेव्हा खाणं कमी व्हायच्या आधीच मी त्याला नेलं. मूत्रपिंडाचा जुनाट आजार निघाला. म्हाताऱ्या मांजरांत तो फार आढळतो. रक्तातलं क्रिएटिनिन वाढून दिसेपर्यंत मूत्रपिंडांची बरीचशी क्षमता संपलेली असते, म्हणून वय झालेल्या मांजराची रक्त-लघवी तपासणी वर्षातून एकदा तरी करावी. माझं वेळेवर जाणं इथवर बरोबर होतं.

चूक दुसरीकडे झाली. किडनीसाठीचं कमी फॉस्फरसचं खाद्य घरी आणलं आणि त्याच दिवशी त्याचं आवडतं खाणं बंद केलं. तेव्हा त्याला मळमळत होतं. मळमळीच्या दिवसांत समोर आलेल्या त्या नव्या खाद्यालाच त्यानं दोषी धरलं आणि पुन्हा कधी तोंड लावलं नाही. जे अन्न त्याचं आयुष्य वाढवू शकत होतं ते माझ्या घाईनं कायमचं बाद झालं. आधी मळमळ आटोक्यात आणायची, मग जुन्या खाण्यात चिमूटभर नवं मिसळत काही आठवडे घ्यायचे, हा त्यातला मार्ग होता. भरीला मी कडू गोळीची पूड त्याच्या अन्नात कालवली. मग ते जुनं अन्नही त्याला संशयास्पद वाटू लागलं. औषध आणि जेवण नेहमी वेगळं ठेवावं, हे मी तिथे शिकले.

पुढे डॉक्टरांनी भूक वाढवणारं मिर्टाझापिन दिलं. हे मुळात माणसांच्या नैराश्यावरचं औषध. मांजरांत ते भूक वाढवतं आणि उलट्याही कमी करतं. कानाच्या आत लावायचं त्याचं मलम अमेरिकेत २०१८ साली मांजरांसाठी मंजूर झालं. किडनीच्या रुग्णाला ते अंतर राखून, बेतानंच द्यावं लागतं. बाजी खायला लागला. घरी त्वचेखाली सलाइन द्यायलाही मी शिकले. त्याची वाटी रिकामी झाली की माझा दिवस चांगला जायचा. वहीत मी ग्रॅम लिहायचे, आलेख काढायचे. आणि त्या वहीत जे लिहिलं जात नव्हतं ते मला दिसेनासं झालं. त्यानं अंग चाटणं सोडलं होतं. केसांच्या गाठी झाल्या होत्या. कबुतरं बघायला तो खिडकीत चढत नव्हता. डोळे बारीक, कान बाजूला पडलेले, मिशा ताणलेल्या. मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पद्धत माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांडली, तिच्यात हीच चिन्हं आहेत. ती मी वाचलेली होती. तरी औषधानं आणलेल्या भुकेला मी बरं होणं समजत राहिले.

डॉक्टरांनीच एकदा विचारलं, “काकू, खाणं सोडून तो दिवसभरात आणखी काय काय करतो?” मला एकही गोष्ट सांगता आली नाही. त्यांनी घाई केली नाही. बाजीला आवडणाऱ्या गोष्टींची यादी करायला सांगितली आणि त्यांतल्या किती उरल्यात ते बघा म्हणाल्या. उरलं होतं ते फक्त खाणं, आणि तेही औषधाचं. आम्ही त्याला झोपेचं इंजेक्शन द्यायचं ठरवलं. तो निर्णय चुकीचा होता असं मला एकदाही वाटलेलं नाही. तो मी लांबवला याचं मात्र वाटतं.

आता आमच्या घरात मांजराच्या भुकेचे नियम लिहून ठेवलेले आहेत. दर आठवड्याला वजन : मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीनं, आणि वजाबाकी करायची. खाणं अंदाजानं नाही, मोजून. मोठ्या मांजरानं २४ तास काही खाल्लं नाही तर डॉक्टर. पिल्लू असेल तर त्याच्या निम्मासुद्धा वेळ थांबायचं नाही. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाही, तर रात्र असो की सण, त्याच क्षणी, कारण मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. जिभेखाली किंवा गुदद्वारापाशी दोरा दिसला तर ओढायचा नाही. तो आतड्यात अडकलेला असेल तर ओढल्यानं आतडं कापलं जातं. माणसाचं कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सिरिंजनं भरवायचंच असेल तर तेही त्यांनी सांगितलं आणि करून दाखवलं तरच.

तोवर घरी करण्यासारखं थोडं आहे आणि ते निरुपद्रवी आहे : अन्न कोमट करणं, चोंदलेलं नाक ओल्या कापसानं पुसणं, शांत खोली देणं, पसरट बशी, ताजं पाणी. साखर-गुळाचं काही पुढे करण्यात अर्थ नाही. मांजराला गोड चवच कळत नाही. तिचं जनुक त्याच्यात निकामी झालेलं आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. या उपायांनी एखादं जेवण मिळवता येतं. भूक का गेली याचं उत्तर मिळत नाही.

डॉक्टरकडे जाताना मी आता कारणं घेऊन जात नाही, निरीक्षणं घेऊन जाते. वाटीकडे येतं का? वास घेतं का? तोंडात घेऊन पाडतं का? ओठ चाटतं का? शेवटचं पोटभर कधी खाल्लं, शेवटची लघवी कधी, शी कधी, वजन किती उतरलं? एवढं सांगितलं की डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं. रुसवा, सवय, पाहुणे, हवा हे सगळं आपण आपल्या मनाच्या शांततेसाठी जोडत असतो.

तुमच्या मांजरानं कालपासून काही खाल्लं नसेल, तर त्याची समजूत काढत बसू नका. दवाखान्यात फोन करा. डॉक्टरांनी तपासून ‘काही नाही, ठणठणीत आहे’ म्हटलं तर फुकट धावपळ झाली असं मानू नका. हेच ऐकायला मिळावं म्हणून वेळेवर जायचं असतं.